अपिलाला उशीर का झाला?

गुरुवार, मुक्काम धाड. दिवेलागणीची वेळ.

आज तुरुंगात यांना भेटले. शिक्षा झाली तेव्हा म्हणाले होते, "अपील नको करू. मले गावाले तोंड दाखवायचं नाही." आज खाली बघत म्हणाले, "अपील करून टाक. घरी यावंसं वाटते." तशीच वकिलांकडे गेले.

"मुदत केव्हाच संपली, बाई. उशीर माफ करा, असा अर्ज द्यावा लागेल. उशिराचं कारण काय लिहू?"

"लिहा, तवा त्यायले घरी यावंसं वाटत नव्हतं. आता वाटून राह्यलं."

"कोर्टात असं कारण चालत नाही. आजारी होते, लिहू का?"

मी हो म्हटलं. खोटं का बोलले? पण जीपमध्ये बसल्यावर ते खोटं वाटेना. माणसाला घरी यावंसं वाटू नये, हे आजारपणच की. इथे यांच्याविना मी तरी कुठे बरी होते?