अरुंद चौकट

प्रिय पर्णिका,

आज वर्कशॉपच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हातात दिल्या. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात इतकी वर्षं लोकांची दारं-कपाटं बनवली, आता खलास. घरी आल्यापासून नुसता बसून आहे. तुझी आई शेजारी व्हीलचेअरवर पेंगते आहे.

परवा अंशचा फोन आला. तुम्ही घर विकायला काढलंय, हे जावयाकडून कळलं म्हणून जरा वाईट वाटलं. मे महिन्यात तुझ्या त्या इंग्लंडमधल्या खेड्यात आलो होतो, ते सारखं आठवतंय. ओकच्या काळ्या खांबांचं, पांढऱ्या भिंतींचं, चारशे वर्षांचं घर. आईची व्हीलचेअर दारातून आत जाईना. तुम्ही दोघं तिला उचलून नेत असताना तिचा हात चौकटीवर खरचटला आणि तिच्यापेक्षा तूच जास्त कळवळलीस. बाथरूम वर, जिना उभा. शेवटी आम्ही हॉटेलात राहिलो. दार रुंद करायची परवानगी तू मागितलीस. कौन्सिलच्या बाई येऊन बघून गेल्या. घर संरक्षित वारसा आहे, मूळ चौकट हलवता येणार नाही, म्हणाल्या. तू चिडलीस. मी नाही चिडलो. त्या खांबांवर कुणा सुताराच्या खुणा मी बोटांनी चाचपल्या होत्या. बाईंच्या जागी मीही नाहीच म्हणालो असतो.

मग तू ठरवलंस, दुसरं बिनजिन्याचं, रुंद दारांचं घर घ्यायचं आणि वर्षातले सहा महिने आम्हाला तिकडे न्यायचं. मीही मान डोलावली. तिला उचलणं, आंघोळ, औषधं... वाटलं, निम्मा भार कुणीतरी घेईल.

काल आईला अंशचा निरोप सांगितला. पक्षाघातापासून तिचे शब्द अडखळतात, पण हे स्पष्ट आलं, "तिने ठरवलं, तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं?"

कुठे राहायचंय, विचारलं.

"चिपळूणला. आभाकडे. तुमच्याकडे सगळे माझ्याबद्दल बोलतात. ती माझ्याशी बोलते."

तुझ्या आभामावशीला लगेच फोन केला. तिचं घर बैठं आहे आणि ती एकटीच असते. या म्हणाली, एवढंच.

शुक्रवारी आम्ही निघतोय. तू दोन हिवाळे खपून त्या घराच्या तुळयांवरची काजळी काढलीस, ते घर विकू नकोस. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू रडली असतीस, आणि मी इतका थकलोय, की तू म्हणशील त्याला हो म्हणालो असतो.

तुझाच,
बाबा