उंबऱ्याच्या आतली सुई

आदरणीय दौलतताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, लबीबचा, सलाम. गुडघे काय म्हणतात? तांताहून पाठवलेले भाजलेले चणे पोचले. (माझे दात पाहता मी ते खातो कमी, वासच जास्त घेतो, त्या वासात आपलं अख्खं लहानपण आहे.) इकडे कैरोत मी देवाच्या कृपेने ठीक. मधले काही दिवस मात्र माझं घर एका सुईच्या टोकावर उभं होतं. तीच हकिगत सांगायला बसलोय.

गेल्याच्या आधीच्या शुक्रवारी तुझी भाची सुहेर अलेक्झांड्रियाहून आली, तेव्हा माझ्या पायघोळ गलाबियाची खालची कड उसवून घोट्याशी लोंबत होती आणि गळ्याच्या बटणाच्या जागी मी कागदांना लावायची टाचणी खोचली होती. ती म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुमचं हे असं. साधं बटण लावता येत नाही, एकटे कसे राहणार? पुढच्या शुक्रवारी सामान बांधून ठेवा." तिचं घर चांगलं आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. पण त्या समुद्राला माझी एकही कविता ठाऊक नाही. इथल्या जिन्याला सगळ्या पाठ आहेत. मी विचारलं, "आणि तोवर शिवायला शिकलो तर?" ती हसून म्हणाली, "ही कड शिवून दाखवा, पुन्हा विषय काढणार नाही."

समोरच्या दारी इन्शिराहबाई राहतात. त्यांचा नवरा तंबूवाल्यांच्या गल्लीत कापडी नक्षी शिवायचा. तो वारला आणि त्याची सुई यांनी हाती घेतली. त्यांना गुरू केलं. पहिला धडा धावदोऱ्याचा: सुई खाली, सुई वर, सारख्या अंतराने. मला हे शाळेतल्या कवितांच्या वृत्तासारखंच वाटलं, म्हणून मी मनात कविता म्हणत शिवू लागलो. मध्येच एक टाका बोटभर लांब पडला. बाईंनी विचारलं, "उस्ताद, इथे काय झालं?" म्हटलं, "इथे कवी प्रेयसीच्या उजाड मुक्कामापाशी थांबून रडतो." त्या म्हणाल्या, "रडू दे की. पण टाका लहान घालून रडायला सांगा."

मग कच्चा टाका. तो नुसता कापड जागेवर धरायला, काम झालं की उसवायचा. (माझ्या सिगारेट सोडण्याच्या शपथांसारखा.) मग उलटी टीप: एक पाऊल मागे जाऊन दोन पुढे यायचं, म्हणून ती सगळ्यांत पक्की. मागे जाण्यात माझा हातखंडा. पुढे यायची तेवढी बाईंना आठवण करून द्यावी लागे. शेवटी तुरपाई, म्हणजे कड दुमडून आत शिवायची, पण वरच्या कापडाचा जेमतेम एक धागा उचलायचा, बाहेरून काही दिसता कामा नये. ती मी मांडीवर घेऊन केली. उठलो तर गलाबिया माझ्या पायजम्याला शिवलेला. बाई म्हणाल्या, "टाका मजबूत आहे, एवढं मान्य करायला हवं."

गुरुवारी दुपार कलतानाची असरची नमाज झाली, कड अर्धी राहिली होती आणि जाड दुमडीत सुई मोडली. दुकानात धावलो. दुकानदार बैयूमीने कानांवर हात ठेवले. "असरनंतर सुई? देव क्षमा करो, उस्ताद. दोरा न्या, बटणं न्या, हवी तर माझी टोपी न्या." तुला आठवतं ना, आपली आई अशा वेळी सख्ख्या जावेलाही सुई देत नसे. आणि सुहेर तर सकाळच्या पहिल्या गाडीने येणार होती.

इन्शिराहबाईंचं दार वाजवलं. "सुई घराबाहेर देणार नाही," त्या म्हणाल्या, "घरातली बरकत जाते." मी मान खाली घालून वळलो. मागून आवाज आला, "सुई बाहेर येत नाही. गलाबियाला आत यायला कोणी अडवलंय?"

मग त्या दाराच्या आत चौरंगावर, मी बाहेर जिन्यावर आणि कड उंबऱ्यापलीकडे. माझे हात कोपरापर्यंत त्यांच्या घरात, बाकी लबीब बाहेर. दोरा ओढताना सुई जरा माझ्याकडे आली की त्या बोटातल्या अंगुस्तानाने माझ्या मनगटावर टकटक करत. "उंबरा, उस्ताद." वरच्या मजल्यावरची सून भाजी घेऊन जाताना म्हणाली, "काका, दारात बोटं अडकली का?" सूर्य मावळून मगरिबची बांग झाली तेव्हा शेवटचा टाका पडला. गाठ बाईंनी मारली.

सकाळी सुहेरने कड उलटून पाहिली, ओढून पाहिली. "गाठ कोणाची?" मी खरं सांगितलं. तिने समोरच्या दाराकडे पाहिलं, मग मुलुखियाची पातळ पालेभाजी जेवली (तीही त्याच दारातून आली होती) आणि संध्याकाळच्या गाडीने एकटीच परतली.

तुझा,
लबीब

ता. क. तांताच्या बाजारातला गडद निळा रेशमी दोरा पाठव.

ता. क. पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. 'एकटे कसे राहणार' या सुहेरच्या प्रश्नावर मी नीट विचार केला. पोरीचं बरोबर आहे. इन्शिराहबाईंना मी भीत भीत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आधी काज करायला शिका, मग रीतीप्रमाणे मागणी घालायला थोरल्या बहिणीला पाठवा." काजाला सुरुवात केली आहे.

ता. क. आज पुन्हा एक बटण तुटलं, म्हणून समोर जावं लागलं. तुटलं म्हणजे मीच कात्रीने कापलं. लवकर ये ताई, बटणं संपत आली आहेत.