मधली फळी

दादा,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. बाबांना आणायला दवाखान्यात निघाले आहे. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. याचा अर्थ तुला फोड करून सांगायला नको.

काल औषधांना जागा हवी म्हणून तू खेळांच्या कपाटातली मधली फळी रिकामी केलीस. मला एका शब्दाने विचारायचं होतंस. बाबा खेळ किती जणांचा आहे ते बघून डबे लावतात. आई गेली तेव्हा चौघांचे सगळे डबे त्यांनी स्वतः माळ्यावर टाकले. तेव्हापासून मधली फळी तिघांची आणि खालची दोघांची. तू तिघांचे डबेही माळ्यावर चढवलेस. अरे, बाबा अजून आहेत!

शिडी लावून ठेवली आहे. आधी डबे खाली काढ, चहा नंतर. सोंगट्या सांडल्या असतील तर मोजून भर. औषधं खिडकीत राहतील.

त्यांची खाट कपाटासमोरच टाकायची आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते त्यांना त्या फळीकडे बघून कळायला नको.