मिठाची हाक

प्रिय रोरी,

'प्रिय' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग म्हटलं, राहू दे. बँकेच्या मॅनेजरलाही आपण प्रियच लिहितो.

मागच्या आठवड्यात पॅस्कोबाईंच्या दुकानातल्या फोनवर सहा वर्षांनी आपण बोललो. बाई बिस्किटांच्या बरण्या पुसायचं निमित्त करून शेजारीच उभ्या होत्या. तू इतक्या मोठ्यांदा बोलत होतास की त्यांना कान लावायचीही गरज पडली नाही. "ग्लेन, आपल्या सिनेमाचा दुसरा भाग काढतायत! आणि सुरुवात कशाने आहे माहितेय? आपल्या डॅम्परने!" नायक बऱ्याच वर्षांनी डोंगरात परत येतो, धुक्यात उभा राहतो, आणि त्याने मोकळा सोडलेला घोडा हाकेसरशी वरून धावत खाली येतो. शिकवलेला घोडा नको, तोच हवा, असं तूच त्यांच्या गळी उतरवलंस. त्याच बोलीवर तुला घोड्यांचा मुख्य केलंय, आणि घोडा आला नाही तर क्वीन्सलँडचा कुणी माणूस त्या जागेवर डोळा ठेवून बसलाय, हेही तू सांगितलंस. सांगताना हसत होतास. घाबरलास की तू हसतोस, हे मी विसरलेली नाही. मग विचारलंस, "डॅम्पर अजून वरच आहे ना?" मी म्हटलं, वरच आहे. "आणि तुझ्या हाकेला येतो ना अजून?" मी म्हटलं, माझी हाक त्याने कधी जाणूनबुजून चुकवली नाही. यातला एकही शब्द खोटा नाही, एवढं पुढचं वाचताना ध्यानात असू दे. शेवटी आवाज खाली आणून म्हणालास, "आणि तू, ग्लेन? थांबलीस ना?" मी म्हटलं, मी कुठे जाणार. पॅस्कोबाईंच्या हातून बरणीचं झाकण पडलं.

इकडची खबरबात हवी असेल तर ऐक. बाबांचा खुबा कामातून गेला. आता घोड्यावर बसतात ते पाट ठेवून, आणि उतरताना आख्ख्या दरीला शिव्या ऐकू जातात. पबच्या भिंतीवर पहिल्या सिनेमाचे फोटो लागलेत, आणि तुझा पाठमोरा फोटो दारूच्या बाटल्यांच्या वर आहे. नटाला त्या कड्यावरून घोडा घालायची छाती झाली नाही म्हणून त्याची टोपी घालून तू उतरलास, हे परक्या माणसाला सांगायची सगळ्यांना भारी हौस. हो, उतरलास. तसं बसणं मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही, आणि ते मी आजही कबूल करते. दुसऱ्या भागातली नायिका मागच्या आठवड्यात आमच्या अंगणात येऊन गेली. बिचारी नवे बूट चिखलात रुतवून विचारत होती, तो निघून गेल्यावर तुम्ही फाटकाशी उभ्या राहून कशा रडायचात, ते जरा दाखवाल का? मी म्हटलं, बाई, इथे फाटकाशी कुणी रडत नाही, गुरं बाहेर पडतात. फाटक लावून घेतो. ते तिने लिहून घेतलं.

डॅम्पर तिच्याएवढा असताना, म्हणजे घोड्याच्या मानाने, काय ध्यान होतं ना ते! आई मेलेलं शिंगरू, राखेत भाजलेल्या भाकरीचा रंग, पाय नुसते बांबू. तू त्याला खोगिरावर आडवं टाकून आणलंस आणि माझ्या हाती दिलंस, "घे, तुझंच पोर समज," म्हणालास. मी बाटलीने वाढवलं. गुरांना मीठ घालायला वर जाताना बरोबर न्यायचे, म्हणून गुरांची हाक तो आधी शिकला आणि स्वतःचं नाव नंतर. प्रत्येक घरची हाक वेगळी. आमची सुरुवातीला खाली आणि शेवटी लांबवर चढणारी, "सोऽल्ट, सो-ओऽऽल्ट." ती ऐकली की गाईंच्या गर्दीत हे एक शिंगरू कान ताठ करून घुसायचं आणि पोखरलेल्या ओंडक्यातलं मीठ चाटता चाटता माझी बाही चाटायला लागायचं. बाबा म्हणायचे, "हा घोडा नाही पोरी, चार टाचांचं वासरू आहे." त्याला तुझ्याहून माझा लळा जास्त होता. तरी घोडा तुझाच होता, आणि तेव्हा तुझं ते माझंच, असं मी धरून चालले होते.

तुझ्यावरून आमच्या घरात भांडण एकदाच झालं होतं. आठवतं? आपण तिघं मेंढीच्या पिलासारखे भिजून वरच्या झोपडीत पोचलो, आणि कोपऱ्यात लाकडाचं ढलपंसुद्धा नाही. आदल्या रविवारी तूच तिथे राहून गेला होतास. वरून निघणाऱ्याने पुढच्यासाठी कोरडी लाकडं आणि डब्यात काड्या ठेवून जायचं, हे इथे लहान पोरांनाही सांगावं लागत नाही. बाबा काकडलेल्या ओठांनी म्हणाले, "आपल्या मागून कुणी येणार आहे, हे या गड्याच्या डोक्यातच येत नाही." मी तुझी बाजू घेतली. घरी येऊन दोन दिवस बाबांशी बोलले नाही.

आता तो शेवटचा शॉट. तो तुला माझ्याहून जास्त पाठ असेल, सगळ्या मासिकांना सांगून झालाय. ईस्टर सरला होता, हिवाळा तोंडावर आला म्हणून गुरं खाली आली होती, आणि नायक आपल्या घोड्याला माथ्यावर मोकळं सोडतो ते राहिलं होतं. बाबांनी पक्कड आणली होती. वर सोडायचं जनावर म्हणजे आधी नाल उतरवायचे, त्यात विचारायचं काय. तेवढ्यात तो कानाला डबडी लावलेला आवाजवाला म्हणाला, "नाल असू देत ना, दगडावर काय मस्त वाजतात!" तू बाबांच्या हातातली पक्कड बाजूला सारलीस. "उद्या सकाळी जाऊन धरून आणतो, तेव्हा काढू." डॅम्पर दगडांवरून खणखणत गेला, रानघोड्यांच्या वाटेने वर चढला आणि दिसेनासा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवाज खरंच मस्त आला, मी सिनेमात ऐकलाय.

ती 'उद्या सकाळ' काही उजाडली नाही. पबमध्ये शहरातल्या बातमीदार बाईने विचारलं, तुमचा स्वतःचा घोडा होता ना तो? आणि तू ग्लास हातात धरून, मला वाटतं त्या क्षणीच सुचलं तुला, म्हणालास, "होता. आता तो डोंगराचा. ज्याच्यावर जीव असतो त्याला बांधून ठेवू नये." बाई रडली. दोन नट रडले. मीही रडले, कारण तू माझ्याकडे बघून बोलत होतास आणि मला वाटलं तू घोड्याबद्दल बोलतोयस. सकाळी मी दोन घोड्यांवर खोगीर चढवून उभी होते. तू कंपनीच्या गाडीतून हात हलवत गेलास. काच खाली करून म्हणालास, "पंधरा दिवसांत येतो, मीच आणतो त्याला. तू नको जाऊस एकटी." मी पंधरा दिवस थांबले. बर्फ तेवढंही थांबलं नाही.

वरची वाट बंद झाली तरी मी खालच्या सोंडेवरून रोज जाऊन हाक मारायचे. तिथून आवाज झोपडीपर्यंत पोचतो, ते तुलाही माहीत आहे. तो आला नाही. मी मनाची समजूत घातली की रानघोड्यांच्या कळपात रमला असेल, आणि तुला तसं लिहिलं. तू ते छापून आणलंस. 'माझा घोडा आता कळपाचा राजा आहे.' ते कात्रणही तूच पाठवलंस, खाली तुझी सही करून, जशी अनोळखी बायकांना करतोस.

मग बर्फावर घसरायला आलेली शहरातली पोरं दुकानात कॉफी प्यायला थांबली. म्हणाली, वर झोपडीपाशी एक वेडा घोडा आहे, भिंत चाटत बसतो. त्यांना गंमत वाटली होती. फोटो काढला होता. बाबा बंदूक घेऊन निघाले, त्या खुब्याने, आणि मी त्यांच्या मागोमाग. तुला बर्फातल्या नालांबद्दल काय सांगायचं? अनवाणी खुरातलं बर्फ गळून पडतं, नालात ते साचतं आणि त्याचा गोळा होतो. तो चार गोळ्यांवर उभा होता, उंच टाचांच्या बुटांत उभं केल्यासारखा. दोन्ही गुडघे सोललेले. हाक त्याने ऐकली होती, रोरी. रोज ऐकली होती. बर्फातल्या खुणा सांगत होत्या, गोठलेल्या दगडावरून उतरायला निघायचा आणि घसरला की परत वर. शेवटच्या खेपेला मागचा पाय गेला. मिठाच्या ओंडक्याची एक बाजू त्याने दातांनी कुरतडून संपवली होती. झोपडीच्या फळ्या तोंड पोचेल तिथवर चाटून पांढऱ्या केल्या होत्या.

मला बघून त्याने डोकं खाली घातलं आणि बाही शोधायला लागला. थंडीने बाबांना नेम धरवत नव्हता. ते म्हणाले, "पोरी, तू तिकडे लांब जा आणि हाक मार. मान वर करील. एकदाच, नीट." मी गेले. मारली हाक. त्याचे कान ताठ झाले आणि तीन पायांवर त्याने माझ्याकडे एक पाऊल टाकलं. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ना, ते मी एवढ्या जवळून पाहिलंय, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. त्या दिवसानंतर मी ती हाक मारलेली नाही. गुरांना आता बाबाच बोलावतात. तुला कळवणार होते. पण त्याच आठवड्यात रेडिओवर तुझी मुलाखत लागली, तो अजून तुझ्या स्वप्नात पळतो म्हणून. म्हटलं, पळू दे.

या पत्राला पाकीट नाही की तिकीट नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. तू आता वरच्या झोपडीत आहेस. मी काल येऊन गेले. कोपऱ्यात कोरडी लाकडं रचून ठेवली आहेत, तुझ्या माणसांना थंडी बाधायला नको. पत्र काड्यांच्या डब्यात ठेवलं, कारण त्याला तूच हात घालणार हे मला ठाऊक होतं, चार पाहुण्यांसमोर डोंगरातला माणूस आग कशी पेटवतो ते दाखवल्याशिवाय तुला चैन पडत नाही. आत येताना दाराच्या चौकटीवर तीन नाल दिसले असतील. इथे शुभ म्हणून लावतात, असं दिग्दर्शकाला सांगून झालं असेल तर आता त्याला ते कुणाचे तेही सांग. चौथा या कागदाच्या खाली आहे. तो वाकला आहे, आणि खिळ्याला जे लागलंय तो गंज नाही. मी उद्या येणार नाही. पहाटे धुकं पडेल, कॅमेरा लागेल, सगळे श्वास रोखून तुझ्याकडे बघतील, तेव्हा हाक तुलाच मारावी लागेल. आमच्या घरची हाक तुला येते. तो वरच आहे, ओंडक्यापाशी, वाकड्या निलगिरीच्या झाडाखाली. जमीन गोठलेली होती, पुरता आलं नाही. उन्हाळ्यात गवत कमी झालं की हाडं सगळी दिसतात. घसा साफ कर, रोरी, आणि बोलाव त्याला. निघताना पुढच्या माणसासाठी लाकडं ठेव.

जी तुझी होती ती,
ग्लेनिस