बाहेरून लावलेला खिसा

३, सोमवार
बाई गेल्या. एवढी मोठी नटी, एक्केचाळीस हे काय जायचं वय झालं! टीव्हीवर म्हणे, "दीर्घ आजाराने." अहो, आजाराला नाव आहे की. डायबिटीस. अकरा वर्षं त्यांचे सिनेमाचे कपडे मी शिवले. प्रत्येकाला कमरेशी चोरखिसा, आत साखरेच्या गोळ्या, रक्तातली साखर एकदम उतरली तर खायला. "मावशी, कुणाला कळता कामा नये हं." या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. टीप अशी घालायची की माझा मलाच खिसा सापडायचा नाही.

४, मंगळवार
पेपरात मात्र आजाराचं नाव आलं. सुनेनं तो गादीखाली लपवला. नातीलाही तोच आजार, नऊ वर्षांची आहे, घाबरेल म्हणे. पोर नेमकी त्याच गादीवर बसली, पेपर कुरकुरला. वाचून विचारते, "आजी, मीपण मरणार?"
म्हटलं, "मरशील की. पण आधी माझा नंबर. रांग मोडायची नाही."
खुदकन हसली.

६
शाळेच्या नाटकात नात राणी आहे. सून म्हणते, नाव काढा, स्टेजवर चक्कर आली तर? मुलगा नेहमीसारखा तळ्यात-मळ्यात. मी म्हटलं, झगा मी शिवणार आणि राणी तीच होणार. शिवायला घेतलासुद्धा. चोरखिशासकट.

७
बाईंची मेकअपवाली भेटायला आली. म्हणाली, बाई मेकअपच्या खोलीतच कोसळल्या. पाणी मारलं, पर्स उलटी केली. गोळ्या सापडल्या नाहीत. "कमरेलाच होत्या गं. मागाहून कळलं. तो पिवळा झगा तुझाच ना?"
माझाच.

८
नातीचा झगा सगळा उसवला. खिसा बाहेरून लावला, लालभडक, तळहाताएवढा. वर पांढऱ्या दोऱ्यानं 'साखर'. दुसरीत शाळा सुटली माझी, र जरा लंगडतो, पण लांबून वाचता येतं.
सून म्हणाली, "राणीला असला खिसा असतो का?"
"या राणीला असतो."

१२
काय सांगू! दुसऱ्या अंकात पोर अडखळली, हात थरथरला. मी उठेपर्यंत सून उठली होती. पण पोरीनं भर स्टेजवर खिशात हात घातला, गोळी तोंडात टाकली आणि प्रधानाला ठणकावलं, "थांबा. राणी साखर खातेय." टाळ्याच टाळ्या. प्रधान बिचारा पुढचं वाक्यच विसरला.

१३
सकाळी सुनेनं तिचा ऑफिसचा कोट माझ्या मशीनवर आणून ठेवला. "याला पण लावा. बाहेरून."
मला कळेना. मग कळलं.
"कधीपासून गं?"
"लग्नाआधीपासून, आई."
मी सुईत दोरा ओवला. विचारलं, "लालच ना?"