बोटीकडची ओळ

प्रिय महरीन,

बुरोंडीहून तुझ्या आपाचा सलाम. सखू मासळी घेऊन दाभोळला येतेय, तिच्या टोपलीतून हे पत्र पाठवते. अख्ख्या गावाला नेट पुरवणारी तुझी नणंद कागद-पेन घेऊन बसली म्हणून हसशील. हस, पण शेवटपर्यंत वाच.

आपल्या अद्नानने सड्यावर, गावामागच्या उंच कातळावर, खोली बांधून नेटचा धंदा मांडला, तेव्हा राउटर म्हणजे काय ते मला शिकवताना म्हणाला होता, आपा, हा आपला नाक्यावरचा बाबल्या समज. बाबल्याला कुणाचंही घर विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं, "त्या वळणाक जावा, फुडे इचारा." घर त्याने पाहिलेलंच नसतं. नेटवरून जाणारा प्रत्येक निरोप म्हणजे एक पत्ता लिहिलेलं पॅकेट. राउटरकडे एक तक्ता असतो, अमुक पत्त्याचं पॅकेट अमुक दिशेला. आलेल्या पॅकेटवरचा पत्ता तो तक्त्यात बघतो, जुळणारी ओळ मिळाली की पुढच्याच्या हाती देतो आणि मोकळा होतो. पुढे कोण आहे, आहे की नाही, याच्याशी त्याला घेणं नाही.

त्या तक्त्यात अद्नानने एक ओळ स्वतःच्या हाताने घातली होती, त्याच्या मासेमारीच्या बोटीची. बोटीवरच्या मशीनकडे जाणारं सगळं समुद्राकडच्या अँटेनाला. दुपार कलली, असरची नमाज झाली की तू मोबाइलवरून बोटीला विचारायचीस, आहेस का? उत्तर आलं म्हणजे बोट टोक वळून आत आली, भात टाकायला हरकत नाही. मी तुला किती चिडवायचे, नवऱ्याआधी त्याचं मशीन घरी येतं म्हणून!

दिवाळीच्या वादळानंतर बोटीच्या फळ्या मिळाल्या, मशीनची फुटकी पेटी मिळाली, अद्नान मिळाला नाही. तू दाभोळला माहेरी गेलीस. तुझ्या घरचं नेटही आपल्याच सड्यावरून, त्यामुळे मला इथे दिसायचं, रोज असरनंतर दाभोळहून बोटीला प्रश्न जातोय. राउटर इमानाने तो समुद्राकडे पाठवायचा. उत्तर कुठून येणार? वीस दिवस मी ते बघितलं. एकविसाव्या दिवशी मला राहवलं नाही. खोलीतल्या एका जुन्या मशीनला बोटीचा पत्ता दिला, ओळीतली दिशा समुद्राऐवजी त्याच्याकडे वळवली. तुझ्या प्रश्नाला मी उत्तर दिलं, महरीन. बोट नाही, मी.

तुझा फोन आला, "आपा, बोट बोलली!" खरं सांगायचं सोडून मी फोन ठेवला. मग अद्नानच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेह्याला तू आली नाहीस, बोट बोलते तर फातेहा कुणाचा, म्हणालीस. आता तू रोज असरनंतर खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहतेस, असं तुझी आई रडत सांगत होती. हे पाप माझं आहे. तू मला माफ कर, अल्लाहकडे मी वेगळी माफी मागेन.

परवा जुम्याला मी ते मशीन बंद केलं आणि ओळ होती तशी समुद्राकडे केली. म्हटलं, आज पोर रडेल, पण सुटेल. तू विचारलंस. उत्तर आलं नाही. मीच रडत बसले.

थोड्या वेळाने समुद्राकडच्या अँटेनावरून एक पॅकेट आलं. उत्तर नव्हतं, प्रश्न होता. पाठवणारा पत्ता बोटीचा, जायचा पत्ता तुझ्या घरचा. बोटीवरच्या मशीनची ती फुटकी पेटी तर माझ्या टेबलाखाली होती, मी दोनदा वाकून बघितलं. राउटरने तक्ता पाहिला, तुझी ओळ सापडली, पॅकेट दाभोळला गेलं. आणि तुझ्या घराने त्याला उत्तर दिलं.

तेव्हापासून तो दर मिनिटाला विचारतोय. काल मी तक्त्यातून तुझ्या घराची ओळ पुसली. तुझं नेट म्हणून बंद आहे, आणि फोनवर हे मला सांगवणार नाही, म्हणून कागदावर लिहितेय. दुरुस्तीला कुणाला बोलावू नकोस. असर झाली की खाडीवर जाऊ नकोस, आईजवळ बस. ओळ नसली की राउटर पॅकेट टाकून देतो, तशी ती इथे पडतायत, मी बघतेय. माझा धाकटा भाऊ आहे गं तो, पण तुझा पत्ता मी त्याला देणार नाही.

तुझीच,
खुर्शीदआपा