आठ गिरे आणि कय्युमची नळी

१२ डिसेंबर १९६१

मी कोण ते कालच सांगितलं होतं. पण वहीबाई, पान उलटलं की तुला मागचं आठवत नाही. म्हणून पुन्हा — मी मानीबाई, तांड्यावरची सगळ्यात म्हातारी. अक्षर एक येत नाही. मी बोलते, नातसून हंसा लिहिते. ती चौथी शिकली आहे; माझ्या 'मले'चं 'मला' करते. पोटुशी आहे, संक्रांतीनंतर दिवस भरतील.

आज उमरखेडहून कय्युम आला. सायकली दुरुस्त करतो. त्याने दुर्बीण केली आहे — टिनाची नळी, पुढे चष्म्याचं भिंग, मागे घड्याळवाल्याचं. म्हणतो, "मौसी, तुमच्या आंगणात अंधार लय चांगला हाये."

आमच्या अंधाराची तारीफ पहिल्यांदाच ऐकली. नळी इथेच ठेवून गेला. उभ्या केलेल्या बाजेला बांधली आहे.

१४ डिसेंबर

दिवेलागणीला मावळतीकडे गुरू. त्याच्या बाजूला चार ठिपके, एका रांगेत. त्याचे चंद्र, असं कय्युम म्हणतो.

नातू खेमसिंगला हाक मारली — हंसाचा नवरा. "पाह्य, चार लेकरं घेऊन फिरून राह्यला. त्यानं कोण्या जोशाले विचारलं?"

खेमसिंग हसला नाही. बाजारातल्या जोशाने त्याला सांगितलं आहे — फेब्रुवारीच्या तीन ते पाच तारखेला आठ गिरे, म्हणजे ग्रह, एका राशीत बसतात, त्या दिवसांत जन्मलेलं लेकरू बापावर भारी. बापाने बारा वर्षं त्याचं तोंड पाहायचं नाही. आणि हंसाचे दिवस तेव्हाच भरतात.

"मी झरी जामणीले जातो, दादी. जंगलात काम हाये."

"बारा वर्सं?"

"मंग?"

हंसाने हे लिहिताना टाक दोनदा शाईत बुडवला.

१५ डिसेंबर

ढग. काही नाही.

१९ जानेवारी १९६२

चांद-सूर्य सोडले तर आठातला एकही दिसत नाही. कय्युम म्हणतो, सगळे सूर्याच्या उजेडात गेले.

खेमसिंग म्हणतो, "लपून बसले म्हंजे घातच हाये."

मी लहान होते तेव्हा आमचे लोक बैलांवर धान्य लादून देशोदेशी फिरत. आठ तांडे एका पाणवठ्यावर उतरले की कोसावरून धूर दिसायचा, कुत्री भुंकायची. हा कसला मुक्काम — धूर नाही, कुत्रं नाही. तसं त्याला सांगितलं.

पटलं नाही.

३ फेब्रुवारी

आठ गिरे जमले की जग बुडणार, अशी बाजारभर आवई आहे. तांड्यात घरोघर कोंबड्या कापल्या. जग बुडालं तर वाया जायला नकोत. शेजारच्या देवसिंगने बियाण्याचा भुईमूग भाजून खाल्ला. आता जग राहिलं तर त्याची पंचाईत आहे.

खेमसिंगने गाठोडं बांधलं. मोटार उद्या दुपारी.

५ फेब्रुवारी

आज हात दुसऱ्याचा हाये. हंसा बाळंतीण झाली — काल पहाटे. पोरगी.

खेमसिंग गाठोडं घेऊन कडुनिंबाखाली उभा होता, घराकडं पाठ करून. म्या म्हटलं, "जोशानं तोंड पाह्यू नको म्हटलं ना? ह्या नळीतून सारं उलटं दिसते. डोकं खाली, हनुवटी वर. त्याले कोणी तोंड म्हणते काय?"

"दादी, जोशी म्हणे —"

"उलट्याचं काई सांगतलं त्यानं?"

नाई सांगतलं. सुईण बिजलीबाईनं पोरीले दारात उन्हात धरलं. जवळचं पाहाचं असलं तं नळी चार बोटं बाहेर ओढा लागते. तो ओढत बसला. मग हात थांबला. लय वेळ डोळा काढला नाई. मोटार भोंगा वाजवून निघून गेली.

म्हणे, "दादी, सुलटी कशी दिसते?"

"नळी सोड अन् चालत जाय."

गेला. आता हंसाच्या उशाशी बसून हे तोच लिहून राह्यला. अक्षर गाठोड्यासारखं हाये.

८ फेब्रुवारी

खेमसिंग, हेबी लिही. मले त्या नळीतून कधीच काई दिसलं नाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाये. गुरूची चार लेकरं कय्युमनं सांगतली, म्या तुले सांगतली. पोरीचंबी मले नुसतं पांढरं गाठोडं दिसते. म्हणून तिचं तोंड तुलेच पाहा लागन, अन् रोज मले सांगा लागन — आज हसली का, नाक कोणावर चाललं.

अन् कय्युमच्या मायले, जोहराबीले, चिठ्ठी धाड: बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू पाठव. खोबरं बारीक किसजो. अर्धे मी खाईन, मले दात नाई.